पिठीचं लंघन

ज्यांच्या घरी सशाचं पिल्लू आहे आणि ते आज सकाळपासून कोपऱ्यात पाठ फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलं आहे, त्यांनी आधी उठावं आणि त्याच्यापुढे मूठभर सुकं गवत टाकावं. मग येऊन पुढचं वाचावं. मी थांबते.

टाकलंत? आता ऐका. मी डॉक्टर नाही, माणसांचीही नाही आणि गुरांचीही नाही. पण घरात एकाच वेळी दोन आजारी, त्यातली एक मी आणि दुसरी माझ्या मांडीवर, असे दिवस मी काढले आहेत. तेव्हा आम्हाला काही ठाऊक असतं तर किती बरं झालं असतं! म्हणून हे लिहिते आहे.

माझा ताप

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि माझं लग्न त्याहून नवं होतं. माहेर पालीकडचं, भातशेतीचं आणि गुरांचं. सासर समुद्राकाठी, अलिबागहून काशीदकडे जाताना नारळ-सुपारीच्या वाड्यांचं जे गाव लागतं तिथलं. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. त्यांना मी आई म्हणायची. हे मुंबईला छापखान्यात नोकरीला. शनिवारी लाँचने रेवसला उतरायचे आणि रविवारी परत जायचे.

चैत्रात मला ताप आला तो उतरेचना. अलिबागहून डॉक्टर घोडागाडीतून आले, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "विषमज्वर आहे." आईंच्या हातातला तांब्या खाली पडला. आजारी मी, पण पांढऱ्याफटक पडल्या त्या. यांनी मुंबईहून नव्याच निघालेल्या कॅप्सुला आणल्या, महाग होत्या, पण लागू पडल्या. केस मुठीमुठीने गळले, पायांच्या काड्या झाल्या, तरी मी वाचले.

आणि मग सुरू झालं खरं आजारपण. पथ्य! डॉक्टर म्हणाले, "आता मऊ भात चालेल, वरण चालेल." आईंनी मान डोलावली आणि काहीएक बदललं नाही. सकाळी मुगाचं कढण, दुपारी पेज, रात्री पेज. पेजेत एखादं शीत तरंगलं तर तेही त्या चमच्याने काढून टाकायच्या. शेजारच्या खोलीत सुक्या गवतावर आंब्यांची आढी घातलेली होती. वैशाखातली आढी! सगळं घर घमघमत होतं आणि मी फुंकर घालून पेजेचं पाणी पीत होते. ताप असताना मी कधी रडले नाही, पण बरी झाल्यावर भुकेने रडायची.

करंडीतून आलेली पाहुणी

अशाच एका शनिवारी हे आले ते झाकण बांधलेली करंडी घेऊन. "तुला दिवसभर करमत नाही ना? सोबत आणलीय," म्हणाले. सुतळी सोडली, आणि आतून दोन कान वर आले. मी किंचाळलेच! पांढरंशुभ्र, माझ्या ओंजळीत मावेल एवढं, आणि नाक तर एक क्षण स्थिर नाही.

आई दारातूनच म्हणाल्या, "ह्ये काय आनलंस रं? मांजर हाय का उंदीर?"

"ससा आहे, आई."

"ससा रानात असतो. घरात काय नांगराला जुंपायचाय?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. पण संध्याकाळी पाहते तर त्याच जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आणि पिल्लू त्यांच्या पदराखाली. नावसुद्धा ठेवून झालं होतं. "पिठी हाय गो ही. तांदळाची पिठीच जशी सांडलीय." ती मुलगीच आहे हेही त्यांनीच ठरवलं आणि ते पुढे खरं निघालं.

पिठी काय खाते, हे मी यांना विचारलं. "विकणारा म्हणाला, काय पण खातो," एवढंच त्यांना ठाऊक होतं. या एका वाक्याने आमचा घात केला.

उष्टावण

आमच्याकडे येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, आणि पिठीला पाहायला तर अख्खी आळी लोटली. कुणी केळं आणलं, कुणी बिस्किटं, कुणी भिजवलेले वाल. पिठी सगळ्याला नाक लावायची आणि बरंचसं खायची. आईंनी तिला दूधभात सुरू केला. माझ्यादेखत! मला शीत मिळत नव्हतं आणि त्या सशाला वाटीभर साखर घातलेला दूधभात. मी म्हटलं, "आई, पुढल्या जन्मी मी कान लांब करून येते." त्या हसल्या, पण पेजेत काही फरक पडला नाही.

तेवढ्यात पालीहून माझा भाऊ मला पाहायला आला. दादाला पाहताच आईंचे डोळे चमकले. "मामा आलाय! पोरीचं उष्टावण करून टाकू."

सुरुवात थट्टेत झाली. पण आईंनी कुठलीही गोष्ट थट्टेत केलेली मी पाहिलेली नाही. नारळाचं दूध, नवा तांदूळ आणि गूळ घालून खीर शिजली. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पिठीच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं. दादाने बोटातली अंगठी काढून खिरीत बुडवली आणि मामाच्या मानाने भाचीच्या ओठाला लावली. पिठीने ती चाटली, मग वाटीतच तोंड घातलं! बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. दादा म्हणाला, "भाची झकास आहे, पण अंगठी गिळायला बघते." ताप आल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले. त्या दिवसाइतका आनंदाचा दिवस त्या उन्हाळ्यात दुसरा नव्हता. संध्याकाळी दादा पालीला परतला.

पोट थांबलं

दुसऱ्या दिवशी उजाडताच वास आला. पिठीचं मागचं अंग भरलेलं, करंडीत सगळा चिखल. आईंनी एका नजरेत निकाल दिला, "पोट बिघाडलंय. लंघन."

आमच्या घरातला तो पहिला उपाय. पोट दुखलं, लंघन. जुलाब झाले, लंघन. ताप आला तरी आधी लंघन आणि मग डॉक्टर. पिठीपुढचं सगळं उचललं गेलं. दूध, केळं, वाल, अगदी दारची हरळीसुद्धा. दुपारपर्यंत जुलाब थांबले. आई खूश झाल्या. "बघ, उतार पडला."

पण मग दुसरा दिवस उजाडला तरी काहीच होईना. लेंडी नाही, पाणी नाही, हालचाल नाही. आम्हाला वाटलं, विश्रांती घेते आहे. तिच्याजवळ कान नेला तर दातांचा करकर आवाज यायचा. हाताला कान गार लागले. पोट तर असं तट्ट फुगलेलं की बोट आत जाईना. मला आतून कळून चुकलं की ही विश्रांती नव्हे.

नेमके त्याच सकाळी डॉक्टर मला तपासायला आले. मी म्हटलं, "माझं राहू द्या, हिला बघा." ते आधी हसले. मग माझं तोंड पाहून त्यांनी नळ्या कानात घातल्या आणि चकती पिठीच्या पोटावर ठेवली. थोडी इकडे, थोडी तिकडे. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"काहीच आवाज नाही," ते म्हणाले. "पोट चालायचंच थांबलंय."

"मग काय द्यायचं?"

"माणसाचं असं झालं तर मी तोंडाने काही देत नाही. सशाचं मला खरंच माहीत नाही गं. उगाच सांगणार नाही."

"पण जगेल ना?"

ते पेटी बंद करत म्हणाले, "फार लहान आहे."

भांडण

डॉक्टरांची गाडी वळणापलीकडे गेली आणि मी म्हटलं, "आई, तिला काहीतरी खायला देऊ या."

"नाय."

"ती मरेल!"

"खाल्लं तर मरेल. डाक्टर काय म्हनाला? तोंडानं काय द्यायचं नाय."

"माणसाला म्हणाले! सशाचं माहीत नाही म्हणाले!"

"पोट ते पोट."

माझा तोल गेला. सुनेने सासूशी असं बोलण्याचे ते दिवस नव्हते, पण मी बोलले. "मला उपाशी ठेवलंत, आता तिलाही ठेवा! तुमच्या घरात जगायचं तरी कुणी?"

मला वाटलं, आता भांडी आपटतील. त्या मटकन खालीच बसल्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"माझी वच्छी अशीच होती. ह्यो ताप उतरला तिचा. भूक लागली, भूक लागली म्हनून रडायची. माझं काळीज फाटायचं गो. मी वाटीभर भात दिला चोरून. किती आनंदानं खाल्ला तिनं. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं नि गेली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता मी कुनाला चमचा द्यायची नाय. कितीपन रडा."

यांना एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. कशाने ते कुणी सांगितलं नव्हतं. ते एकेक शीत काढणारा चमचा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही दोघी रडलो. पण माझा राग पुरता गेला नव्हता, कारण मांडीवर पिठी गार पडत होती.

आढीत

दुपारी आई वाडीत शिंपण्याला गेल्या. मी पिठीला जमिनीवर ठेवलं, पाय मोकळे करील म्हणून. ती थोडा वेळ तशीच बसली. मग एक उडी. मग थांबली. मग दुसरी. ती निघाली होती आढीच्या खोलीकडे! मी भिंत धरून तिच्या मागे. तापानंतर एवढं मी पहिल्यांदाच चालत होते आणि छातीत धडधडत होतं.

ती आंब्यांमध्ये शिरली. मला वाटलं, संपलं, आता ही आंबा खाणार. ओढून काढायला मी वाकले आणि पाहिलं, तर आंबा तिच्या नाकाला टेकलेला होता आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आंब्याखालची सुक्या गवताची एक काडी तिने उचलली. काडी हळूहळू आत जायला लागली. कुर्र, कुर्र, कुर्र. मध्येच थांबली, जणू विसरली. मग पुन्हा कुर्र.

मी श्वास रोखून बसले. तिने दुसरी काडी घेतली! मी तिथेच आंब्यांच्या शेजारी आडवी झाले आणि तिच्या पोटाला कान लावला. काही नाही. थोडी थांबले. काही नाही. अगदी उठणारच होते, तेवढ्यात खोल कुठेतरी आवाज झाला. गुड. एकच!

"आई!" मी इतक्या जोरात ओरडले की आई वाडीतून ओल्या पायांनी धावत आल्या. मला आढीत आडवी पडलेली पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "आंबा खाल्लास! खाल्लास ना गो?"

"नाही हो! पोट वाजलं! पिठीचं पोट वाजलं! ऐका तुम्ही!"

त्या गुडघ्यांवर बसल्या, मग कोपरांवर, मग त्यांनीही कान लावला. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे आधी रागावलेले, मग ऐकणारे, आणि मग एकदम मोठे झाले.

"व्हय गो," त्या कुजबुजल्या.

आणि मला एकदम माहेरचा गोठा आठवला. कोवळा हिरवा चारा जास्त झाला की गाईचं पोट फुगायचं. बाबा हिरवं बंद करायचे, पोट चोळायचे, तिला चालवायचे, आणि पुढ्यात सुका पेंढा टाकायचे. उपाशी कधीच ठेवायचे नाहीत. "आई," मी म्हटलं, "ही दिसते उंदरासारखी, पण हिचं खाणं गाईचं आहे! आपण हिला माणसाचं खायला घातलं आणि माणसाचंच लंघन घातलं. हिच्या पोटात सारखं काहीतरी सरकत राहायला हवं. थांबलं की बंद पडतं."

आई पिठीकडे बघत राहिल्या. ती तिसरी काडी ओढत होती. त्यांचा हात पुढे गेला, मागे आला. वच्छीची वाटी त्यांना दिसत होती, मला ठाऊक आहे. शेवटी त्यांनीच एक काडी उचलली आणि पिठीच्या तोंडाशी धरली.

"गवतच हां," त्या म्हणाल्या. "दुसरं कायपन नाय."

आमचा दवाखाना

मग जी धांदल उडाली ती विचारू नका! यांच्या फौंटनपेनमध्ये शाई भरायचा काचेचा ड्रॉपर मी उकळत्या पाण्यात धुतला आणि त्याने तिच्या ओठाच्या कडेला कोमट पाण्याचे थेंब सोडले. तोंडात पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. थेंब सोडायचा आणि ती चाटते का ते बघायचं. उन्हात तापवलेल्या फडक्यात तिला गुंडाळलं. पोट दोन बोटांनी हलकेच, गोल गोल चोळलं. मग खाली ठेवायचं आणि चालू द्यायचं, मग गवत, मग पुन्हा पाणी.

आढीला कुणी बोट लावलेलं आईंना खपत नसे. त्याच आई आता आंबे बाजूला लोटून खालचं चांगलं, न कुजलेलं, गोड वासाचं गवत निवडत होत्या. आंबे खोलीभर घरंगळत होते. पोट कुणी ऐकायचं यावरून आमच्यात खेचाखेची व्हायची. "सरक, आता माझी पाळी!" म्हणून त्यांनी मला ढकललंसुद्धा. "वाजलं! पुन्हा वाजलं! दोनदा!" हे आई वाडीतल्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत होत्या.

पण लेंडी काही होईना. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवता येईना. दोघी मोठ्या बायका एका सशाच्या शेपटीकडे टक लावून बसलो होतो आणि ती काही देत नव्हती. संध्याकाळी तिने गवत सोडलं, पुन्हा डोळे मिटले, आणि माझा धीर सुटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईंनी सकाळपासून स्वतःचं पान वाढून घेतलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "उतरत नाय गो घशाखाली." आम्ही पुन्हा थेंब सोडला, पुन्हा पोट चोळलं.

जे पिल्लू पाळणार आहेत त्यांच्यासाठी इथेच सांगते, कारण पुढे मला सुचणार नाही. दूध नको, भात नको, गूळ-साखर नको, बिस्किट तर नकोच. सुकं गवत दिवसभर पुढ्यात हवं. हिरवं द्यायचं ते धुऊन, थोडंथोडं, एका वेळी एकच नवा पाला. पाणी ताजं. आणि पहाटे पिल्लू आपल्याच मागे तोंड नेऊन मऊ, ओलसर काहीतरी खाताना दिसलं तर ओरडू नका. आई "शी शी" करत ते आधीच पुसून टाकायच्या. ते त्याचं दुसरं जेवण असतं, हे आम्ही पुढे तिच्याकडे बघूनच शिकलो. पिल्लू खाण्यात मंद दिसलं तर लगेच जागे व्हा, उद्यावर टाकू नका.

झाली!

सकाळी आई अंघोळ करून देवाची फुलं घेऊन आत येत होत्या. मी अजून अंथरुणात होते. एकदम किंकाळी. मी उठून धावले, खरंच धावले, त्या काडीसारख्या पायांनी. मनात आलं, गेली आपली पिठी.

आई करंडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. फुलं जमिनीवर सांडलेली. त्यांच्या उजव्या तळहातावर, पूजेच्या हातावर, मिऱ्यांसारखे चार-पाच दाणे होते.

"बघ गो! बघ! गोल हाय! सुकी हाय!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांना मी पुरेना. त्या कुंपणापाशी गेल्या आणि ओरडल्या, "अगो, या गो! पिठीला झाली!" उष्टावणाला आलेल्या सगळ्या बायका पुन्हा आल्या आणि सशाच्या लेंड्या बघून "बाय, बरं झालं" म्हणून गेल्या. पिठी मात्र कुणाकडे लक्ष न देता गवत ओढत होती, कुर्र, कुर्र. माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या शेजारी बसून हसत सुटले.

आईंनी पुन्हा अंघोळ केली, पूजा केली आणि चूल पेटवली. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले होते. माझ्या पानात मऊ भात होता, वर वरण, कडेला मीठ. पेज नव्हे. भात! शीत न् शीत दिसत होतं.

"खा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

मी पहिला घास घेतला. त्या माझ्या घशाकडे बघत होत्या. दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्यांचं पान तसंच. भात संपेपर्यंत त्यांनी आपल्या पानाला हात लावला नाही.

"आई, तुम्ही जेवा ना आता."

"थांब. सरक हिकडं."

मी सरकले. त्यांनी माझा पदर बाजूला केला, वाकल्या आणि माझ्या पोटाला कान लावला. त्यांचे ओले केस माझ्या हाताला लागत होते. त्या इतका वेळ ऐकत राहिल्या की मला हसू यायला लागलं, आणि मी हसले तशा त्या रागावल्या, "हलू नको गो."

मग त्या उठून बसल्या, डोळे पुसले, आणि आपल्या पानातला भात कालवायला घेतला.